व्याह्यासाठी सीताफळं

८ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.१०
उपाशीपोटी साखर १८६. बोट टोचणारी सून, द्वारका. आकडा वाचणारीही तीच. मला मोतीबिंदू. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शाळेबिगर अक्षरं शिकलो, आता तीच दिसेनात. मोठी मोठी काढतो, म्हणून या वहीत पानाला सातच ओळी मावतात.
काल पुतणीच्या साखरपुड्यात पुंजारामनं, म्हणजे द्वारकाच्या बापानं, चारचौघांत माझ्या हातातला पेढा काढून घेतला. म्हणे, "पाव्हणं, शुगर बघा अन् हात आवरा." बायका हसल्या. त्याची स्वतःची म्हणे ११२. त्यालाही मोतीबिंदूच. छावणीच्या दवाखान्यातला डॉक्टर एक, ऑपरेशनची तारीख एक, २६. अटही एक: सकाळची साखर दीडशेच्या आत, नाहीतर डोळ्याला हात लावणार नाही.
निर्धार: माझी ११०, त्याची तीनशे. मग नव्या डोळ्यानं त्याचं तोंड बघीन.

११ ऑक्टोबर, बुधवार
१७१. मेथीचं पाणी, कारल्याचा रस. छावणीपर्यंत चालत गेलो. येताना रिक्षा, कारण कुत्रं आडवं आलं.
बेत ठरला. दौलताबादला बहिणीला, साळूबाईला, फोन केला. सीताफळं पाठव म्हणालो, चांगली मोठाली. व्याह्याकडून आलेली पाटी परत करायची आपल्यात रीत नाही. खावीच लागतात. खा लेका!

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
१६८. दोन पाट्या आल्या. फळं कडक. माझ्या खाटेखाली पेंढ्यात पिकत घातली. द्वारकानं विचारलं, मामा, एवढी कुणाला? म्हणालो, तुझ्या बापाला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुम्ही मनानं लई मोठे. जरा ओशाळलो. पण बेत तो बेत.

१५ ऑक्टोबर, रविवार
१९४. कारल्यानं बिघडलं. कारलं बंद.
पहिली सहा पिकली. दाबून अंदाज येतो, पण खात्री चाखूनच. व्याह्याच्या घरी अळीचं फळ गेलं तर आपल्याच घराची शोभा. सहाही चाखली. सहाही उत्तम. आता उघडलेलं फळ पाठवता येत नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार
२३८. द्वारका म्हणते, मामा, चोरून काही खाता का? नाय म्हणालो. चाखणं अन् खाणं यात फरक असतो. ती खाटेखालच्या बियांकडं बघत होती.
फळ हे फळ, साखर किराणा दुकानात मिळते. पुंजारामची गोष्ट निराळी. माझ्या अंगात सीताफळाची ताकद होते, त्याच्या अंगात साखरच होणार. तो माणूसच तसा.

२१ ऑक्टोबर, शनिवार
२५९. मशीनचा सेल उतरला असणार.
नऊ निवडक फळं पोरगा बन्सी पोचवून आला. लगेच पुंजारामचा फोन. पाव्हणं, पेढ्याचं मनावर घेऊ नका, तुमच्या डोळ्याची काळजी म्हणून तसं केलं. नाटकं!
फोन ठेवल्यावर वाटलं, नऊ जास्त झाली. सूड असला तरी माणूस मारायचा नाही. उरलेली पाटी त्याच्या घरी जाऊ नये म्हणून मीच संपवतोय. कुणासाठी एवढं करतं कोण?

२६ ऑक्टोबर, गुरुवार
दवाखान्यात माझी ३१२. त्याची ११८.
फळं त्यानं गल्लीतल्या पोरांना वाटली होती. घरोघर सांगत होता म्हणे, माझ्या व्याह्यानं पाठवली, काय जिवाचा माणूस.
त्याचा डोळा झाला. माझा नाही. डॉक्टरनं मला इन्सुलिन लिहून दिलं अन् दोन महिन्यांनी या म्हणाला. सगळे कट करून आहेत.

२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६.३०
२२४.
सिरिंजवरच्या रेघा मला दिसत नाहीत. बन्सी पहाटेच शेंद्र्याला कंपनीत जातो. द्वारका बोट टोचते, पण पोटात सुई म्हटली की मागं सरते. म्हणून व्याही येतात. काळा चष्मा लावून, मफलर गुंडाळून, पायी.
आज चष्मा कपाळावर चढवला, सिरिंज उजेडाला धरली, म्हणाले, "बरोबर दहा. बघा." मी बघितल्यासारखं केलं. म्हणाले, "शर्ट वर धरा, पाव्हणं." धरला.
दुखेल म्हणून शिवी तयार ठेवली होती. दुखलंच नाही.

(शिवी तोंडातच राहिली. द्वारकानं दोघांना बिनसाखरेचा चहा आणला, त्याच्याबरोबर गिळली.)