हुलग्यांची पट्टी

हिरेकावल, बेंगळूर
ता. ८ ऑक्टोबर १९६१, रविवार

प्रिय परसू,

आज सकाळी राजाजीनगरहून निघाले. बनशंकरीच्या देवळापर्यंत बस मिळाली, पुढे चालत कावलात आले. घर उघडलं, झाडलं, भात शिजवून जेवले. दुपारी कल्लाप्पा बैल घेऊन आला आणि पट्टी नांगरून गेला. आता ऊन उतरलंय आणि मी ओट्यावर बसून लिहिते आहे.

तुझं हुबळीचं पत्र गेल्या आठवड्यात शाळेच्या पत्त्यावर मिळालं. आई गेल्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. माझाही स्वभाव तसाच आहे, त्यामुळे दोन ओळींत काय काय असतं ते मला कळतं. पुढे तू पट्टीचं लिहिलंस. वीटभट्टीवाले नरसिंहराव तुलाही भेटले म्हणायचे. तळ्याजवळची चिकणमाती त्यांना विटांसाठी हवी आहे, शहर इकडे सरकतंय, आता विकली नाही तर मूर्ख ठरू, असं तुझं म्हणणं. जमीन दोघांची आहे, तेव्हा तुला विचारायचा हक्क आहे आणि मला उत्तर द्यायला हवं. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. तिचंही उत्तर देणार आहे, पण आधी पट्टीचं. तुला कळायला लागलं तेव्हा पट्टी होतीच, म्हणून ती कशी झाली ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. मी पाहिलंय.

आपले वडील गाडीवान होते, एवढं तुला माहीत आहे. ते याच कावलातलं गवत कापून गाडीने कंटोन्मेंटात न्यायचे, पलटणीच्या घोड्यांसाठी. तेव्हा इथे घर नव्हतं की शेत नव्हतं. कावल म्हणजे सरकारचं राखीव गवताचं रान, सरकारी गुरांसाठी ठेवलेलं. उन्हाळा जवळ आला की दूरच्या रानांतून कळप इकडे यायचे, कारण वैशाखातही या तळ्याला पाणी असायचं. मग महाराजांच्या सरकारने, वरच्या इंग्रज साहेबांच्या सल्ल्याने म्हणे, कावलाचे तुकडे पाडून भाडेपट्ट्याने द्यायचे ठरवले. रान पडून आहे, त्यात धान्य पिकवा. गाडीवानी करताना वडिलांनी इथली माती पाहिली होती. त्यांनी तळ्याला लागून तुकडा मागितला आणि तो मिळाला. अट अशी होती की पाच वर्षांच्या आत सगळी जमीन लागवडीखाली आली पाहिजे. एक कोपरा जरी पडीक दिसला तरी सरकार पट्टा परत घेणार.

वडिलांनी काटेरी कुंपण घातलं, एक नाचणीचं पीक काढलं, आणि तापाने गेले. तू आईच्या पोटात होतास. नातेवाईक म्हणाले, पट्टा सोडून दे आणि शहरात धुणीभांडी कर. आई म्हणाली, सरी, बघते. तिचं 'सरी' म्हणजे हो नव्हे, हे तुलाही माहीत आहे.

त्याच वर्षी संक्रांतीनंतर गुरं आली. हे मला आजही दिसतं. आपलं शेत त्यांच्या पाण्याच्या वाटेवर होतं. कुंपणाबाहेर ती ओळीने उभी राहिली. आत घुसली नाहीत, मागे फिरली नाहीत, नुसती उभी. पांढरी-करडी, लांब शिंगांची. दुपार झाली तरी हलेनात. शेजारचे लोक काठ्या घेऊन धावत आले. कळपाबरोबर देवाप्पा गवळी होता, कल्लाप्पाचा बाप. तो शांतपणे म्हणाला, अम्मा, मी हाकललं तर जातील, पण कुठे जायचं ते त्यांना माहीत नाही. त्यांना एवढीच वाट माहीत आहे. आईने पदर खोचला आणि हातांनीच काटे ओढून कुंपण उघडलं. तिचे हात रक्ताळले. शेजारच्या सोयराबाई ओरडल्या, अगं वेडी का काय, पीक उभं आहे. आई म्हणाली, आपणच त्यांच्या वाटेत येऊन बसलोय की. ती गुरं होती म्हणून उभी राहिली, माणसं असती तर कधीच शिरली असती.

त्या वर्षी आपली निम्मी तूर तुडवली गेली. दुसऱ्या वर्षी आईने बांधापासून तळ्यापर्यंत, गाडी वळेल एवढी रुंद पट्टी मोकळी सोडली. सोयराबाईंना मग विषयच मिळाला. तानूबाईने गुरांना जावई करून घेतलंय, म्हणायच्या. कळप आला की बांधावरून हाक मारायच्या, काय तानूबाई, जावयांची पंगत बसली का? आईही म्हणायची, बसली, आता तुमचीही पोर उजवा. हसायचे सगळे. पण हसता हसता लोक पाहातही होते. ज्यांनी कुंपणं बळकट केली त्यांच्या शेतांत गुरं रात्री कुठून तरी शिरायचीच. आपल्या शेतात पट्टी सोडून एक पाऊल बाहेर पडलं नाही. शिवाय पीक निघाल्यावर देवाप्पा कळप आपल्या रानात बसवायचा. त्या खतावर आपली नाचणी कशी यायची ते तू खाऊन पाहिलं आहेस.

पाच वर्षं भरत आली तसा पाहणीचा साहेब येणार असं कळलं. आता पट्टीचं काय? ती तर पडीक. कुणीतरी बातमी आधीच पोचवली होती. मी तेव्हा शाळेत जात होते आणि मला घोर लागला होता की पट्टा जाणार, घर जाणार. आईने पावसाच्या शेवटी काय केलं, तर पट्टीत हुलगे पेरले. हुलग्याला काही लागत नाही, पाऊस सरल्यावरही येतो. साहेब घोड्यावरून आला तेव्हा पट्टी हिरवीगार होती. त्याने सगळं शेत फिरून पाहिलं आणि पट्टीपाशी थांबला. त्याला सांगण्यात आलं होतं ते त्याने विचारलं, बाई, हे पीक तू काढणार नाहीस म्हणे, गुरांना चारणार. आई पदर सावरून उभी राहिली. कन्नड तिला तेव्हा स्वल्पच यायचं, पण तिने ते वाक्य पाठ करून ठेवलं असावं. म्हणाली, स्वामी, पेरायची अट आहे, ती मी पाळली. कुणी खायचं ते तुमच्या अटीत लिहिलेलं नाही. आणि खाणारी गुरंही तुमचीच आहेत.

साहेबाने बरोबरच्या कारकुनाकडे पाहिलं. कारकून मान खाली घालून हसत होता. पट्टा राहिला, पुढे जमीन आईच्या नावावर झाली. पुढच्या वर्षी सोयराबाईंनी त्यांच्या बाजूला पट्टी सोडली आणि हुलगे पेरले. मग त्यांच्या पलीकडच्यांनी. रस्त्यापासून तळ्यापर्यंत जी गुरांची वाट आज सगळ्या वस्तीतून जाते, ती अशी झाली. सरकारने आखली नाही, कुणी पुढाऱ्याने आखली नाही. आपल्या आईने आखली, जिला सही येत नव्हती. शाळेत मुलींना टाके शिकवताना मी हे कुणाला सांगत नाही, पण मनात असतं.

आता तुझं आणि तिचं. लढाईच्या वर्षांत रेशमाला भाव आला तेव्हा तुला पट्टीत तुती लावायची होती. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. तू तरुण होतास आणि सगळीकडे लोक तुती लावत होते. आई नको म्हणाली. तेव्हा तू उंबऱ्यात उभा राहून म्हणालास, गुरांना देतेस तेवढं मला दिलं असतंस तर मी या घरात राहिलो असतो. ती हुलगे पाखडत होती. तिने मान वर केली नाही, सूप थांबवलं नाही, आणि तू निघून गेलास. तिने ऐकलंच नाही, असं तू धरून चाललास. मी तिच्या समोर बसले होते, परसू. सूप रिकामं होतं. हुलगे बाजूला पोत्यात तसेच होते आणि ती रिकामं सूप पाखडत होती, तू वाटेच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत. त्यानंतर इतक्या वर्षांत तिने तुझ्याबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही. नवीन नाचणी आली की पहिल्या पिठाची भाकरी करून म्हणायची, हुबळीला चांगली नाचणी मिळत नसेल.

आता ती शेवटची ओळ. तू लिहिलंस की मी आईला परक्याच्या हातून अग्नी देवविला असं तुझ्या कानावर आलं. तुला ते लागलं असणार, म्हणूनच तू ते सर्वांत शेवटी लिहिलंस. तार तुझ्या जुन्या क्वार्टरवर गेली आणि तिथे पडून राहिली, यात तुझा दोष नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. कल्लाप्पा आणि त्याची माणसं सकाळपासून अंगणाबाहेर उभी होती, कुणी बोलावलं नसताना. शेवटी वस्तीतले म्हातारे म्हणाले, आता थांबता येत नाही, पुढे कोण होतो? मी म्हटलं, मी होते. ते चालेना. मग मी म्हटलं, कल्लाप्पा होईल. कुजबुज झाली, गवळ्याचा मुलगा म्हणून. मी मडकं कल्लाप्पापुढे केलं. कल्लाप्पाने मात्र मडकं घेण्याआधी मला विचारलं, अक्का, मी हात लावतो, पण नाव परसूअण्णाचं घ्यायचं ना? मी हो म्हटलं. त्याने तुझं नाव घेऊन अग्नी दिला. ते परकेपण मला तरी दिसलं नाही, आणि ज्यांनी ते तुला कळवलं त्यांनी हे कळवलेलं दिसत नाही.

तेव्हा हे पत्र लिहायचं कारण एवढंच. अस्थी मी सोडलेल्या नाहीत. मडक्याला फडकं बांधून ते पट्टीच्या वरच्या टोकाला करंजाच्या झाडाला टांगलं आहे. आई जायच्या आधी म्हणाली होती, मला दूर कुठे नेऊ नका, आपल्या तळ्यात सोडा, आणि परसूला पट्टीवरून चालत आणा. तुझ्याशिवाय ते काम कुणी करायचं नाही, कल्लाप्पानेही नाही, मीही नाही. दसऱ्याची सुट्टी आहे, मी इथेच असेन. करंजापासून तळ्यापर्यंत मडकं घेऊन तू चाल. त्यानंतरही पट्टी विकावी असं तुला वाटलं तर मला तिथेच सांग, मी भांडणार नाही. पण यंदाचे हुलगे मी पेरते आहे. तू येशील तोवर उगवलेले असतील, जपून पाय टाक.

उजेड आहे तोवर बियाणं पाखडून ठेवते. आईचं सूप भरून घेतलंय.

तुझीच,
मथुराक्का