माझा एकमेव विजय आणि त्याची चौकशी

२ नोव्हेंबर, रविवार
आज चौदावी हार. नीरजकडून. मोटिव्हेशन टिकवायचं असेल तर रोज लिहा, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं, म्हणून ही डायरी. शिवाय पुरावा राहतो.

जागा: सिंदी मेघे, भैयाजींच्या स्टेशनरी दुकानाची वरची खोली. दर रविवारी कार्डांचा गेम. पन्नास कार्डांचा डेक, प्रत्येकाला वीस प्राण, जनावरांनी हल्ला करून समोरच्याचे प्राण संपवायचे. भैयाजीच पंच. सात डिसेंबरला नागपूरला आंतरशहर स्पर्धा आहे. वर्ध्याची टीम चौघांची. तिघे ठरले. चौथा मी, पण अट अशी की लीगमध्ये निदान एक विजय पाहिजे.

संकल्प: हरलो तरी हसायचं. हात मिळवायचा. हात मिळवताना समोरच्याच्या बाहीत बघायचं.

४ नोव्हेंबर
सरावासाठी रंजिताला नियम शिकवले. तिने पहिल्याच डावात हरवलं. नवशिक्या बायकोशी खेळून सराव होत नाही. बंद.

९ नोव्हेंबर, रविवार
भैयाजींनी कार्डांची नवीन बंद पाकिटं आणली. त्यातलं दुर्मिळ चमकतं कार्ड जाड असतं, म्हणजे ते असलेलं पाकीट जड असणार. मी देवळीच्या मार्केट यार्डात एकोणीस वर्षं काट्यावर आहे, वजनातलं मला कोणी शिकवू नये. सोनाराचा छोटा काटा मागून नेला आणि तेवीस पाकिटं तोलली. भैयाजी म्हणाले, हे यार्ड नाही. दुर्लक्ष केलं. सगळ्यात जड पाकीट घेतलं. आत जाहिरातीचा जाड कागद निघाला. मी तोलणार हे यांना आधीच कसं कळलं?

पंधरावी हार. हसलो. नीरजने विचारलं, दात दुखतोय का.

१६ नोव्हेंबर, रविवार
जिंकलो.

परत लिहितो, जिंकलो. तेही सुरभीला हरवून. सुरभी म्हणजे आर्वीच्या पोस्टातली, क्लबची एक नंबर. दर रविवारी एसटीने येते आणि सगळ्यांना हरवून जाते. तिचे तीन प्राण उरले होते. माझा लाल गेंडा आणि शेजारी कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, दोघांना हल्ल्याला सोडलं. गेंड्याची ताकद नऊ. खेळ खलास.

तिने हात पुढे केला, छान खेळलात म्हणाली, निकालाच्या चिठ्ठीवर सही केली. नीरजने टाळ्या वाजवल्या. भैयाजींनी चहा सांगितला आणि फळ्यावर लिहिलं: गजेंद्र, विजय एक. देवळीपर्यंत बसमध्ये उभा आलो, पाय दुखले नाहीत. रंजिताने शिरा केला.

१७ नोव्हेंबर, सकाळी दहा
काट्यावर कापसाची गाडी आली. वरून कोरडी, पांढरीशुभ्र. अशाच गाडीत मी कोपरापर्यंत हात घालतो, आणि आत वजन वाढवायला पाणी मारलेलं सापडतं.

कालचा विजय आठवला. वरून फारच कोरडा आहे.

हरलेला माणूस हसतो का? मी पंधरा वेळा हरलोय, मला माहीत आहे. नीरजने टाळ्या कशाला वाजवल्या? चहा कशासाठी? मार्केटमध्ये कारण नसताना चहा पाजणाऱ्याच्या मालात ओल असतेच. उघड आहे. नागपूरला चौथा भिडू पाहिजे म्हणून मला दया दाखवून जिंकवलं. मला, एकेकाळी मेंढीकोटमध्ये अख्ख्या आळीला रडवणाऱ्याला.

१९ नोव्हेंबर
सुरभीला फोन. आडून आडून विचारलं, शेवटी हातात कुठली कार्डं होती. तिने पाचही सांगितली. त्यात 'धुकं' होतं! धुकं टाकलं की एका जनावराचा हल्ला थांबतो. मग गेंड्यावर का नाही टाकलं, विचारलं. म्हणाली, टाकून उपयोग नव्हता, तुम्ही जिंकलाच होता. अगदी सरळ उत्तर दिलं. इतकं सरळ उत्तर देणाऱ्याची गाडी मी आधी बाजूला लावतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
नीरजची साक्ष घेतली. म्हणाला, डोक्यातून काढा आणि खेळा. जबाबावर सही मागितली तर कार्डं डबीत भरून दुसऱ्या टेबलावर गेला. मी आज खेळलो नाही. चौकशी चालू असताना खेळणं बरोबर दिसत नाही.

रजत नावाचा नवा इंजिनियर आलाय. पहिल्याच दिवशी नीरजला हरवलं. त्याची वेगळी फाईल करावी लागेल.

२६ नोव्हेंबर
भैयाजींच्या नावे अर्ज तयार. विषय: दि. १६ रोजीचा माझा विजय संशयास्पद असल्याबाबत. चार पानं. सोबत जोडपत्रं: फोनचा वृत्तांत, टेबलाचा नकाशा, टाळ्या वाजवणाऱ्यांची यादी (एक नाव).

अपेक्षा: अर्ज वाचून भैयाजी गहिवरतील. स्वतःच्या विजयावर शंका घेणारा खेळाडू जिल्ह्यात दुसरा नसेल. मग सुरभीला समज, माझ्या विजयावर शिक्का आणि मला टीमचं कॅप्टनपद. सुरभीला माफ करताना काय बोलायचं तेही पाठ केलंय. रंजिता म्हणाली, हा कागद देऊ नका. तिला खिलाडूवृत्ती समजत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
भैयाजींनी चारही पानं सगळ्यांसमोर वाचली. गहिवरले नाहीत. मला विचारलं, तुम्ही जिंकलात की नाही, एका शब्दात सांगा. मी म्हणालो, संशयास्पद. परत विचारलं. मी पान तीन दाखवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रागच आला, म्हटलं, नाही, मला जिंकवलं गेलं.

मग त्यांनी सुरभीला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "दादाले तसं वाटत असन तं तसंच लिहा."

भैयाजी उठले आणि फळ्यावरचा माझा एक पुसला. "जिंकणाराच म्हणून राह्यला का मी जिंकलो नाई, तर मी काऊन जिंकवू त्याले?" नागपूरला चौथा रजत. अर्जावर 'मंजूर' लिहून, शिक्का मारून मला परत दिला. मी सांगत होतो की माझी मागणी ही नव्हती, मुद्दा सहा बघा. कोणी बघितला नाही.

जिन्यात सुरभी थांबली होती. "मी खरंच हरलती, दादा," म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तेव्हा वाटलं, नाटक बरं जमतं हिला. बसमध्ये बसल्यावर तसं वाटेना.

७ डिसेंबर, रविवार
ते चौघे आणि भैयाजी आज सकाळी नागपूरला निघाले. मी घरी. फेरविचाराचा अर्ज करायचं ठरवलं, त्यासाठी सोळा तारखेचा शेवटचा हल्ला जमिनीवर मांडला. सुरभीची पाच कार्डं रंजिताच्या हातात दिली आणि तिला कट समजावून सांगितला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "अन् तिनं धुकं टाकलं असतं तं काय झालं असतं?"

म्हटलं, गेंडा थांबला असता. तिने धुकं टाकलं. मी गेंडा बाजूला घेतला. तिने कोळसुंद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मग हा काय करून राह्यला इथं?

कोळसुंद्याची ताकद चार. सुरभीचे प्राण तीन.

परत मांडलं. सहा वेळा मांडलं. धुकं गेंड्यावर टाका की कोळसुंद्यावर, दुसरा पोचतोच. सहाही वेळा मी जिंकलो.

भैयाजींना फोन लावला. गाडी सेलूच्या पुढे गेली होती. सांगितलं. ते म्हणाले, हे सुरभीने सोळा तारखेच्याच संध्याकाळी मांडून दाखवलं होतं, म्हणून तर तीनदा विचारलं तुम्हाला. मग सुरभीने फोन घेतला. मी म्हणालो, चुकलं माझं. ती म्हणाली, जाऊ द्या दादा, आम्हाला शुभेच्छा द्या. दिल्या. मनापासून दिल्या. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. पंधरा हारींचं मिळून इतकं वाटलं नव्हतं.

रंजिता कार्डं गोळा करायला लागली. म्हटलं, राहू दे, बस जरा, एक खरा डाव खेळू. मी कार्डं मोजणार नाही, बाहीत बघणार नाही, काही विचारणार नाही.

तिने डबी बंद करून फळीवर ठेवली.

"नाई बाप्पा," म्हणाली. "मी हरली तं तुमी अर्ज करसान."