दुसऱ्या भागाला जागा

३ नोव्हेंबर
दिनकर जाऊन आज चार महिने. टीव्हीखालच्या गेमच्या मशीनचा केशरी दिवा अजून चालू. त्या दुपारी खेळ मध्येच थांबवून "आलोच" म्हणून पाणी प्यायला उठला, स्वयंपाकघरातच पडला. मिनू म्हणते, दिवा आहे तोवर खेळ जिथल्या तिथे थांबलेला असतो. इन्व्हर्टरचं पाणी मी न चुकता बघते. बाकी फारसं काही करत नाही.

५ नोव्हेंबर
मिनूचा नागपूरहून फोन. त्या खेळाचा दुसरा भाग आलाय. दि.ने किती वाट पाहिली त्याची. पहिल्यात मुखवटेवाला हिरो अख्खं शहर पालथं घालतो, पण नदीकाठी आला की खेळच त्याला मागे लोटतो. दुसऱ्यात त्याला पंख आहेत, नदी ओलांडता येते. जाहिरात मला दहादा दाखवली असेल. "सुलू, पलीकडं पाह्य, बाजार आहे बाजार!" बासष्ट वर्षांचा माणूस! मारामारी कधी केली नाही. ती मिनूने दिवाळीत येऊन करायची. हा नुसता गच्च्यांवरून हिंडायचा.
"आई, मी घेऊन येते. पण आधीचा बंद करावा लागेल."
म्हटलं, बघू.

७ नोव्हें.
काझीभाई आले. जिनिंगच्या वजनकाट्यावर दि.चे तीस वर्षांचे जोडीदार. रोज चारला येऊन शेजारी बसून खेळ बघायचे, स्वतः कधी हात लावला नाही. नुसते टोमणे. "पडला बे तुझा हिरो!"
आज म्हणाले, "भाभी, तो पंखवाला आला म्हनतात. मिनूले म्हना, लवकर आन. आम्ही दोघं पार जानार होतो ना."
चहा अर्धा ठेवून रडले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, रडू आलं की खिडकीबाहेरची झाडं मोजा. मला मोजावी लागत नाहीत, रडूच येत नाही.
त्यांना तिथेच बसू दिलं, कप विसळून माडीवर जाऊन पडले.

८ नोव्हें.
सकाळी दिवा नाही.
इन्व्हर्टर ठीक. भिंतीवरचं बटण बंद. काझीभाई जाताना पंखा, ट्यूब, सगळंच बंद करून गेले. काट्यावरची सवय. कापसाजवळ ठिणगी नको म्हणून खोली सोडताना एक बटण चालू ठेवायचं नाही. दि.पण तसाच होता.
त्यांना कळवलं नाही. काय कळवणार.
मिनू म्हणाली, "सगळं नाही गेलं, आई. मशीन मधे मधे आपोआप जपून ठेवते. फक्त बाबांनी थांबवलं तिथं नसेल, थोडं मागे असेल."
"किती मागे?"
"ते चालू केल्यावरच समजेल."
थांबवलं होतं ते कुठे, हेही मला माहीत नाही. चार महिने दिवा जपला, टीव्ही एकदाही लावला नाही.

१५ नोव्हें.
मिनू आली. दुसरा भाग लावला. काझीभाई इस्त्रीचा शर्ट घालून चारच्या आधीच हजर. मिनूने पंख उघडले, नदीवरून गेली. पाण्यात सावली पडते. इतकं सुरेख असेल वाटलं नव्हतं. काझीभाई ओरडले, "अबे दिनकर, देख!"
पलीकडे बाजार आहे खरा. हिरवे तंबू, कोणी ओळखीचं नाही.
मी पोहे केले.

१६ नोव्हें.
मिनू उद्या जाणार. मशीनमध्ये दोन्ही भाग कसेबसे मावलेत, फार खेटून बसलंय सगळं, दुसऱ्याचं उरलेलं उतरवायला जागा नाही.
"पहिला काढू का? बाबांचं जपलेलं राहील, पण खेळ पुन्हा घालावा लागेल. काढायच्या आधी पाह्यतेस, कुठं आहे तो?"
तिने टीव्ही लावला, कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. "हे बटण दाब, आई. मी बॅग भरते."
पडद्यावर नुसतं खेळाचं नाव आहे. एका हाताचा अंगठा बटणावर आहे, दुसऱ्याने हे लिहितेय. फार हलकं बटण आहे, जरा वजन पडलं की दि. कुठवर आला होता ते दिसेल.