कॉमेंटच्या शेवटी पूर्णविराम

३ फेब्रुवारी, सकाळ
ठरलं. टीम लीडची जागा यंदा माझी. आधी दोनदा हुकली. दोन्ही वेळा साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्याचं नाव जाहीर केलं. यंदा डोळ्यात भरेल असं काम हवं. आमच्या कोडमधल्या कॉमेंट, म्हणजे पुढे वाचणाऱ्या माणसासाठी घातलेल्या टिपा, हा नुसता पसारा; जो तो मनाला येईल ते लिहितो. त्यांना शिस्त लावायचं काम अंगावर घेतलं. साहेब म्हणाले, करा. त्या एका शब्दात पुष्कळ काही आलं.
समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य मिळाले नाहीत.

७ फेब्रुवारी
नियमावली तयार. प्रत्येक फंक्शनच्या, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, डोक्यावर कॉमेंट. ते काय करतं, काय घेतं, काय परत देतं. 'मी', 'आम्ही', 'बहुतेक' बंद. कारणं, किस्से, रडगाणी बंद. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम सक्तीचा.
मीटिंगमध्ये सगळी वाचून दाखवली. एकच प्रश्न आला: एसी जरा कमी करता येईल का? माणसं भारावली की असंच काहीबाही विचारतात.

१० फेब्रुवारी
समोरच्या टेबलावर मौनीबाबा बसतो. माझ्याच बरोबर लागलेला, जागेला दुसरा उमेदवार तोच. वर्षातून चार कॉमेंट लिहितो, त्याही शिव्या घातल्यासारख्या. आज तोंड उघडलं. म्हणाला, फंक्शन काय करतं ते कोड वाचून कळतं रे, का करतं तेच कळत नाही. आणि तू नेमकं तेच लिहायला बंदी घातलीस.
जळतोय. जळू दे.

१७ फेब्रुवारी
नियम मोडणारा कोड आता मशीनच परत पाठवतं. हा प्रोग्रॅमही मीच लिहिला. दुपारी सगळ्यांचं काम अडलं. संध्याकाळी सगळ्यांचं सुटलं. बघतो तर पानोपानी एकच कॉमेंट: 'नावात आहे ते करतं.' पूर्णविराम मात्र एकानेही चुकवला नव्हता. आशयाचं नंतर बघू. आधी वळण लागू दे.

१८ फेब्रुवारी
हिला सांगितलं, जागा माझीच समज. ही म्हणाली, साहेब तसं बोलले का? म्हटलं, सगळंच बोलून दाखवावं लागतं का? ही कोणाला सांगेना, म्हणून मेहुण्याला मीच फोन केला. त्याने अभिनंदन केलं. मी घेतलं.

२४ फेब्रुवारी
जुना कोड साफ करायला घेतला. आइस्क्रीमच्या गोदामांतलं तापमान सांभाळणारा आमचा प्रोग्रॅम आहे, त्यातली एक कॉमेंट बघून डोकंच फिरलं: 'इथे तीन सेकंद थांबणं मूर्खपणाचं वाटेल. वाटू दे. जुन्या सेन्सरला जागं व्हायला वेळ लागतो, तोवर तो आधीचाच आकडा सांगतो. ही ओळ काढलीत तर मला फोन करू नका.'
मौनीबाबा, दुसरं कोण! 'मला' आहे, कारण आहे, वर धमकी. एका कॉमेंटमध्ये किती नियम मोडावेत याला काही सुमार? पुसून टाकली. नवीन लिहिली: 'तीन सेकंद थांबतं. तापमान वाचतं. अंशांमध्ये परत देतं.' काय ऐट आहे! दोनदा वाचली.

६ मार्च
साहेबांना प्रोग्रॅमचा वेग वाढवून हवाय. लीडचं नाव जाहीर व्हायच्या तोंडावर अशी संधी म्हणजे दुधात साखर. शोधता शोधता तीन सेकंदांचं ते थांबणं सापडलं. का थांबायचं? कॉमेंट वाचली. कारण कुठेच दिलेलं नाही. ज्याला कारण नाही ते हवं कशाला? काढून टाकलं. प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळतोय. मौनीबाबाच्या कोडमधून मी वेळ वाचवला, हे साहेबांच्या कानावर घातलं.

१२ मार्च
गोदामातलं आइस्क्रीम वितळलं. सगळं. पडद्यावर म्हणे तापमान उत्तम दिसत होतं. गोदामाचा मॅनेजर फोनवर इतका ओरडला की मला पलीकडच्या टेबलावर शब्द न् शब्द कळला. खोकी ओघळून पाणी रस्त्यापर्यंत गेलंय.
सेन्सर निकृष्ट असणार.

१३ मार्च
साहेबांनी बोलावलं. कोणती ओळ कोणी काढली, कोणी घातली, सगळं मशीनमध्ये नोंदलेलं असतं. थांबणं काढलं मी. कॉमेंट पुसली मी. साहेबांनी एकच विचारलं: पुसण्याआधी ती वाचली नव्हती का?
म्हटलं, वाचली होती. पण नियमांसाठी वाचली होती.
साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. खांद्यावर हातसुद्धा ठेवला नाही.
बाहेर आलो तर मौनीबाबा ती ओळ परत घालत बसला होता. एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

२० मार्च
मौनीबाबा लीड झाला. टाळ्या मीही वाजवल्या, अंमळ जास्तच.
नंतर तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, मला ही जागा नको होती रे. त्या मीटिंगा, ती तोंडं, माझ्याने होत नाही. जानेवारीतच साहेबांना तुझं नाव सांगितलं होतं. त्यांनी धरलंही होतं. आइस्क्रीमचं ते प्रकरण होईपर्यंत तूच होतास.
मी विचारलं, लेखी दिलं होतंस?
म्हणाला, नाही, चहा पिताना बोललो.
म्हटलं, मग काय पुरावा? तो म्हणाला, हो, पुरावा नाही, आणि जागेवर जाऊन बसला.
खोटं बोलणारा माणूस नाही तो. इतक्या वर्षांत एकदाही बोललेला नाही. म्हणजे फेब्रुवारीत मी नुसता गप्प बसून राहिलो असतो तरी झालो असतो. लाज वाटली.
घरी हिने दारातच विचारलं, काय झालं? म्हटलं, मौनीबाबा साहेबांच्या कानाला लागला.
ही म्हणाली, तरी मला वाटलंच होतं, अशी गप्प माणसंच आतल्या गाठीची असतात. आणि पान वाढायला गेली.