घरभर दारंच

४ फेब्रुवारी
आजपासून नवीबद्दल या वहीत एक अक्षर लिहायचं नाही. तिला प्रयोगशाळेत येऊन तीन महिने झालेत, मला चार वर्षं. तुलनाच नाही.
नवीने आज मायक्रोस्कोप अकरा मिनिटं जास्त वापरला. ही तक्रार नाही, नोंद आहे.

७ फेब्रुवारी
मॅडमनी सांगितलं, जिचं चित्र आमच्या रिसर्च पेपरमध्ये पहिलं, तिचं नावही पहिलं. माझ्याकडे बघून म्हणाल्या. नवीकडेही पाहिलं, पण ती मान वळवताना वाटेत आली म्हणून.

८ फेब्रुवारी, सकाळ
आईला फोनवर आमचं काम समजावलं. माणसाच्या पेशीला पातळ पडदा असतो, त्यात प्रथिनांची बारीक दारं. क्षार त्यांतून आत-बाहेर करतात. दारं अशी दिसत नाहीत, म्हणून मोनोक्लोनल अँटिबॉडी सोडायची. ती एकाच जातीच्या दाराला चिकटते. तिला हिरवा रंग जोडलेला असतो. चमकेल तिथे दार.
आईने विचारलं, मग सापडलं का तुझं दार. म्हटलं, नवीच्या पेशींची नुसती कड मिणमिणते, माझी अख्खी पेशी लखलखते. आई म्हणाली, म्हणजे काय गं, घरभर दारंच? मी विषय बदलला. आईला विज्ञानाची सवय नाही.
नवीला एकदा जेवायला आण, म्हणाली. आता घरीही तीच.

१२ फेब्रुवारी
नवी पेशींच्या काचा कशा धुते ते पाहिलं. मुद्दाम नाही, मी फ्रीजच्या आड उभी होते. खारट द्रावणाने तीनदा, की झालं. मी सहादा धुते आणि दर वेळी डिटर्जंटचा एक थेंब घालते. कृतीच्या कागदावर तसं नाही, पण माझे पहिले धडे घरी झाले. नऊ वर्षांची होईपर्यंत शाळा म्हणजे जेवणाचं टेबल, काका आणि पाटी. पाटी दोनदा धुतल्याशिवाय काका पुढचं गणित घालत नसत. असे संस्कार तीन महिन्यांत होत नाहीत.

१५ फेब्रुवारी
मॅडम नवीच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. नाजूक आलंय, म्हणाल्या. माझं पाहून म्हणाल्या, फारच उजळ आहे. उजळ म्हणजे चांगलंच.
नवीने विचारलं, ताई, तुमचं इतकं कसं चमकतं, मला शिकवाल का? वेळ मिळाला की, म्हटलं. मग वाईट वाटलं. उद्या नक्की शिकवायचं.

१६ फेब्रुवारी
वेळ मिळाला नाही.

१७ फेब्रुवारी
वेळ होता. पण ती मॅडमबरोबर हसत होती.

२० फेब्रुवारी
कोडं सुटलं. नवीच्या पेशी मेलेल्या असणार, म्हणूनच मिणमिणतात. मॅडम पक्षपात करतात असं मला म्हणायचं नाही, म्हणून मीच सुचवलं: काचांवरची नावं झाकायची, नुसते आकडे घालायचे, आणि तिघींनी दहापैकी गुण व शेरे लिहायचे. शिवाय प्रत्येक काचेवर लाल रंग घालायचा. तो पडदा फाटलेल्या पेशीतच शिरतो. सकाळी फक्त लाल तपासायचा, कागद मॅडमकडे द्यायचे, दुपारी हिरवा.
नवी म्हणाली, मला भीतीच वाटते बाई. चोराच्या मनात चांदणं.

२४ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
काचसामान बघणाऱ्या मामांनी नावांवर चिकटपट्ट्या लावल्या. मी त्यांना म्हटलं, माझं काम मी डोळे मिटूनही ओळखेन. मामा म्हणाले, आज तेवढे उघडे ठेवा.

दुपारी बारा
लाल झाला. चार नंबर भयंकर. एक पेशी धड नाही, सगळ्या लालभडक. शून्य गुण. शेरा लिहिला: ‘या पेशी आहेत, खरकटी भांडी नव्हेत. करणारीने पहिल्यापासून शिकावं.’ थोडा कडक आहे, पण तिच्याच भल्यासाठी. कागद दिला.

अडीच
हिरवा चालू. चार नंबर अख्खा लखलखतो.
मॅडमना विचारलं, सकाळच्या कागदात एक शब्द बदलता येईल का. त्या म्हणाल्या, नियम तूच केलास.

२५ फेब्रुवारी
चिकटपट्ट्या काढल्या. मॅडमनी शेरे मोठ्याने वाचले. माझा वाचताना त्या मध्येच थांबल्या, पण तोवर खरकटी भांडी वाचून झाली होती.
डिटर्जंटने पडदे फाटले. अँटिबॉडी आत शिरली आणि वाट्टेल तिथे बसली. दारं कुठे आहेत ते माझ्या एकाही चित्रातून कळत नाही. नवीची मिणमिणती कड, तीच दारं.
चार नंबरला नवीने सहा गुण दिले होते. शेरा: ‘रंग सुंदर. कदाचित थोडं जास्त धुतलं गेलं असेल.’
सहाच्या जागी शून्य दिलं असतं तर सोसलं असतं.

२७ फेब्रुवारी
पेपरवर माझं नाव दुसरं. नवीने धुवायला शिकवलं. तिसऱ्या वेळी माझा हात आपोआप डिटर्जंटकडे गेला. तिने बाटली हळूच पलीकडे सरकवली. तेही तिला जमतं.
आईने विचारलं, दार सापडलं का. कड दिसली, म्हटलं. रविवारी नवी जेवायला येते आहे. आईला बजावलं, तिला कशालाही हात लावू द्यायचा नाही, भांडी मी घासणार.
त्यात ती माझा हात धरू शकणार नाही.