माळवदावरचं ऊन

बहमन ९, १३५२ फसली (डिसेंबर १९४२)

आई आज उंबऱ्यावर टेकली ती उठेचना! हाताला धरलं तर ओरडली – "मांडीत दुखतंय रे, आत. हाडात."

गुडघ्यांसाठी पावसाळ्यात डॉक्टरीणबाईंनी तिला वजन उतरवायला सांगितलं होतं. आईनं ते व्रतासारखं धरलं. दूध बंद, दही बंद, भाकरी चतकोर. चोळ्यांच्या शिवणी दोनदा आत घेतल्या. मी खूश होतो!

बहमन ११

टांग्याला पडदा बांधून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई रागावल्या. "मांस उतरवा म्हटलं होतं, हाडं नव्हे!" मग विचारलं, "ऊन अंगावर घेता का?"

आई माझ्याकडं बघायला लागली. आमच्या घरात बायकांना गोषा, परपुरुषाच्या नजरेस पडायचं नाही. लग्न झाल्यापासून तिचं ऊन म्हणजे खिडकीच्या फटीतून येईल तेवढंच.

उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याच्याशिवाय नुसत्या दुधानं हाड भरत नाही. (शब्द नवा. त्यांना विचारून लिहिला.) लढाईमुळं विलायती तेल मिळत नाही, म्हणून शार्क माशाच्या तेलाची बाटली दिली.

आईनं एकच विचारलं – फाल्गुनात सिल्लोडला जाता येईल ना? तिथं माझी बहीण आवडी, तिचं दुसरं बाळंतपण आहे. तिला सासू नाही.

"आधी आपल्या पायांनी जिना चढून दाखवा. मोटारीच्या धक्क्यानं हाड मोडलं तर कायमचं अंथरूण."

परत येताना आई टांग्यात बोटांवर महिने मोजत होती.

बहमन १४

"माशाचं? आज एकादशी हाय, सांडू!" आई माझं नाव घेऊन ओरडली.

औषधाला एकादशी नसते म्हणालो. "मग माशालाबी नसंल," म्हणाली आणि नाक धरून गिळलं.

बहमन १७

माळवदाच्या, म्हणजे घराच्या सपाट छताच्या, एका कोपऱ्यात चार बांबू रोवले. मी काम करतो त्या कापडाच्या दुकानातला उरलेला मांजरपाट आणून चारी बाजूंनी शिवला, माझ्या डोक्याहून उंच. कुठं फट नाही. तीनदा पाहिलं.

आईला पाठकुळी घेतलं. किती हलकी! आनंद व्हावा की भीती वाटावी! कानाशी म्हणाली, "तुलाबी असंच वाहिलंय." जिन्याच्या तोंडाशी "परदा!" म्हणून ओरडलो. आमच्या गल्लीत माळवदावर जाणारा पुरुष आधी हाक देतो, मग शेजारच्या बायका आडोशाला होतात.

पलीकडच्या माळवदावर शेजारच्या चांदपाशाचाचांची कबुतरं. त्यांच्या पायांत घुंगरं असतात. थवा वर गेला की तो आवाज आभाळातून खाली झिरपत राहतो, आणि आपण पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटतं. आई पांढऱ्या कापडात मान वर करून बसली होती.

"आभाळ केवढं रे!"

चौकोनी तुकडा होता.

इसफंदार ९

पुन्हा दवाखाना. दुखणं तसंच. ऊन कसं देता, विचारलं. मी कापड, बांबू, कोपरा, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "थंडीतला सूर्य तिरपा असतो! एवढ्या उंच भिंतीच्या बुडाशी? सावलीत बसवलंत आईला."

इतके दिवस!

इसफंदार १०

कापड एक हात खाली घेतलं. त्याहून धीर झाला नाही. पलीकडची माळवदं दिसतात.

चाचांकडं गेलो. दुपारी कबुतरं उडवू नका, असं कसं सांगायचं? सांगितलं एकदाचं.

"मेरी आँखां में मोतिया उतरा, मियां! कबूतरां कू घुंगरू से पैचानता मैं. अम्मा कू क्या देखूँगा?"

आतून त्यांच्या बीबी, जाहेदाबी (आईला त्या आक्का म्हणतात) – "बातां नक्को करो जी! दुपारी तुम्ही वर जायचं नाय. मी बसते आक्कासंगं."

"हौर मेरे कबूतरां?"

"मैं उडाती!"

इसफंदार २८

आता मला वर जायची गरज नसते. जाहेदाबी आईला धरून चढवतात. चाचा जिन्याच्या तळाशी पाठ करून बसतात, हुक्का ओढत. मी दुकानात मांजरपाट मोजतो आणि मधेच घुंगरं ऐकू येतात. एवढ्या लांबून कशी येतील? पण येतात.

फरवर्दी १६

सुट्टी होती. "परदा!" म्हणत जिन्याला पाय लावला.

"थांब तिथंच!" – दोघी एकदम. मग हसणं. आई इतकी मोठ्यानं हसते?

फरवर्दी २२

आई आज एकटी जिना उतरली. भिंतीला हात लावून, पण एकटी! पुन्हा सिल्लोडचं काढलं. मी म्हणालो, अजून थोडं थांबू. धक्के. रस्ता.

अर्दीबेहिश्त ८ (फाल्गुन लागला)

दुपारी जेवायला आलो तर दाराला कडी. जाहेदाबी म्हणाल्या, "आक्का गेल्या सिल्लोडला. जावई आलते घ्यायला. मोटारीच्या अड्ड्यापातुर चालत गेल्या, माझा बुरखा घालून! तेलाची बाटलीबी नेली. तुला सांगितलं असतं तर पाठकुळी घेतलं असतंस म्हणाल्या."

"परदा!" म्हणून वर गेलो. बांबू उभे होते. कापड नव्हतं.

"त्याची तर कवाच दुपटी शिवली, बाळाला!" खालून जाहेदाबी. "पैल्याच आठवड्यात. दुपारी गडीमाणसानं वर यायचं नाय, असं चारी घरांत सांगून ठेवलं होतं मी."

माळवदभर ऊन. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि बसलो.