गुलाब काढला, वैशाली लिहिलं

रविवार, संध्याकाळ. पांडेसरा.

जमलं एकदाचं. आज दुपारी माझं फेसबुकचं खातं साफ केलं. इतकी वर्षं तिथे गुलाबाचं फूल आणि 'रोहितची मम्मी' एवढंच होतं. गुलाब काढला, मशीनवर शिवतानाचा माझा फोटो लावला आणि नाव लिहिलं, वैशाली. स्वतःचंच नाव, पण दोनदा वाचून मग बटण दाबलं.

हे म्हणाले, "गुलाबच बरा होता. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांना मी तरी दिसेन."

तासाभरात धुळ्याहून शाळेतल्या सुनंदाचा फेसबुकवरूनच फोन आला. "वैशे, किती शोधलं गं तुला." त्या गुलाबात तिला मी सापडणार कशी? दोघी अहिराणीत पोटभर बोललो.

फोन ठेवला, तर हे शेजारीच घुटमळत होते. म्हणाले, "माझ्या खात्यावरचा तो वाघ पण काढून देतेस का?"